काकी, दगडावर ‘कावीळ’ लिहायचं का?

अनसाकाकी,

तुमच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात पुढं दुसरंच सांगितलं जाईल. वीरपत्नीचा पिंड ठेवला आणि आभाळातून थवा उतरला, असं कुणीतरी म्हणेल, आणि बाकीचे माना डोलावतील. तुमच्या गावाला थवे आवडतात. एका ट्रक ड्रायव्हरच्या हातात त्यांनी बंदूक दिलीच की.

तुम्ही मला हे सगळं लिहायची परवानगी दिली होती, पण अट घालून. ‘माझ्या माघारी लिही. आधी त्या पोरींच्या हातात बांगड्या घाल, मग लिही.’ अट पुरी झाली का, मला ठरवता येत नाही. झालीच असेल तर अर्धीमुर्धी. तुम्ही असता तर म्हणाला असता, अर्ध्या कामाचा एवढा गाजावाजा कशाला करतीस. तुम्ही नाही आहात, म्हणून करतेय.

मी तुमच्या अंगणात पहिल्यांदा आले ती पत्रकांचा गठ्ठा घेऊन. इंदापूरहून बारामती, तिथून सांगवीकडची जीप, आणि पुढं उसातून चालत. आमच्या संघटनेनं ठरवलं होतं की सैन्यात गेलेल्या साध्या माणसांवर पत्रकं काढायची. सेनापतींवर लिहून झालंय, पुतळेही झालेत. पहिल्या पत्रकात मी जुन्या फौजांबद्दल लिहिलं होतं. लढणाऱ्याच्या मागं दाणा वाहणारे असायचे, बैल हाकणारे, नाल ठोकणारे, भाकरी थापणाऱ्या बाया. ते नसते तर घोडा उपाशी आणि तलवार म्यानात. त्यांना इतिहासानं काय नाव दिलं? बुणगे. आणि आपण तो शब्द आजही शिवी म्हणून वापरतो. मी हे तुम्हाला तावातावानं वाचून दाखवलं. तुम्ही सुपात हरभरे निवडत होता. खडा बाजूला टाकत म्हणालात,

‘म्हंजे आमचं ह्ये बुणगंच की गं.’

आणि हसलात. मला तेव्हा ते हसणं कळलं नाही. मी तुमच्याकडं आले होते ती एका शहिदाच्या बायकोकडं. गावच्या चौकात तसा दगडच आहे. नामदेवकाकांचं नाव, आणि खाली ‘शत्रूशी लढताना वीरमरण’. दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला तुम्हाला स्टेजवर पहिल्या खुर्चीत बसवायचे. शाल, नारळ, भाषण. तुम्ही हिरव्या बांगड्यांचे हात मांडीवर ठेवून बसायचात आणि ध्वजाकडं नाही, खाली बसलेल्या बायांकडं बघत राहायचात. फोटोत तसंच आलंय. मी आता ते फोटो परत बघितले.

मी तिसऱ्यांदा की चौथ्यांदा आले तेव्हा तुम्ही काकांचा फोटो आणून दाखवलात. एकुलता एक. लष्करी ट्रकच्या बॉनेटला टेकून उभे आहेत, बाह्या वर सारलेल्या, हसताहेत. मी विचारलं, बंदूक घेतलेला फोटो नाही का? तुम्ही म्हणालात, ‘बंदूक दिल्यालीच असंल त्यान्ला, पर त्येंचा जीव ह्या टरकात.’ आणि मग, मी काही विचारलेलं नसताना, तुम्ही सांगितलंत.

एकाहत्तरची लढाई संपून कितीतरी महिने झाले होते. लढाईभर काकांनी रसद पोहोचवली. पीठ, रॉकेल, औषधं, तंबू. जाताना भरलेला ट्रक आणि येताना जखमी. त्यांना काही झालं नाही. मग शांतता झाली, ते कुठल्याशा छावणीत होते, पाणी वाईट होतं. कावीळ झाली. लष्कराच्या दवाखान्यात गेले. तिकडंच सगळं उरकलं. गावात आली ती काळी पत्र्याची ट्रंक, आणि ट्रंकेबरोबर त्यांच्या तुकडीतला एक जवान. त्यानं ओसरीवर बसून खरं ते सांगितलं, चहा प्याला, तुमच्या सासऱ्यांच्या पाया पडला आणि गेला. तो वेशीबाहेर पडला तशा बाया अंगणात आल्या. बांगड्या फोडायला. कुंकू पुसायला. तुम्ही एकोणीस वर्षांच्या.

‘मामंजी दारात आडवं हुबं ऱ्हायलं,’ तुम्ही म्हणालात. ‘म्हणालं, माझा पोरगा लढाईत पडलाय. त्यो अमर झालाय. अमर मानसाच्या बायकूच्या हाताला कोण हात लावतंय, बगतो मी.’

बाया माघारी गेल्या. मामंजींनी सांगितलं ते गावानं धरलं. पुढं चौकात दगड बसला तो मामंजींच्या त्या वाक्यावर बसला. तुमचं कुंकू राहिलं, बांगड्या राहिल्या. हळदीकुंकवाला बोलावणं येत राहिलं, ओटी भरली जात राहिली. अमर सौभाग्यवती म्हणायचे तुम्हाला. पन्नासहून जास्त वर्षं. आणि तुम्ही मनातल्या मनात दर वेळी त्या वाईट पाण्याच्या छावणीत जाऊन येत होता.

काकी, मी तेव्हा चिडले. दोन्हीकडून चिडले, म्हणून जास्त चिडले. एक म्हणजे त्या दगडावर. आजवरच्या फौजा काढून बघा, तलवारीनं गेले त्यापेक्षा तापानं, पटकीनं, थंडीनं, दमून गेलेले जास्त निघतील. हा लष्कराचा इतिहास नाही तर कशाचा? पण आपल्याला मेलेला सैनिकसुद्धा छातीवर गोळी घेतलेलाच हवा. कावीळ झालेला चालत नाही. जणू काविळीनं मरणारा तिथं फिरायला गेला होता.

आणि दुसरा राग या देवघेवीवर. नवरा सीमेवर पडला तर बांगड्या ठेव, दवाखान्यात गेला तर फोड. हा कुठला हिशेब? मी तुमच्या तोंडावर म्हणाले, तुमच्या बांगड्या खोट्यावर उभ्या आहेत.

तुम्ही सूप खाली ठेवलंत. ‘खोट्यावर न्हाय पोरी. मामंजींच्या मायेवर. जल्मात तेवढंच एक खोटं बोलल्यालं मी त्यांना ऐकलं.’

पण भांडण तिथं संपलं नाही, कारण संगीता होती.

संगीता म्हणजे तुमच्या शेजारच्या सखूबाईंची सून. माझ्याच वयाची. तिचा नवरा उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. सोमेश्वरनगरच्या रस्त्याला, दोन ट्रॉल्या भरलेल्या, चढावर मागची ट्रॉली ओढत गेली आणि ट्रॅक्टर उलटला. तो जागीच गेला. संगीताच्या दारात कुणी आडवं उभं राहिलं नाही. बांगड्या फोडायला अंगणातल्या दगडावर तिचे हात ठेवले, आणि ठेवणाऱ्यांत सखूबाई स्वतः होत्या.

त्या संक्रांतीला सखूबाईंच्या घरी हळदीकुंकू होतं. तुम्ही मला मुद्दाम बोलावून घेतलंत. बाहेर सतरंजीवर बाया, मधोमध तुम्ही, सगळ्यांत मोठा मान. आत चुलीपुढं संगीता चहा गाळत होती. कप भरून उंबऱ्यापर्यंत आणायची आणि तिथून दुसऱ्या कुणीतरी घ्यायचं, म्हणजे तिची सावली सतरंजीवर पडायला नको. तुमची ओटी भरायला सखूबाई वाकल्या, आणि तुम्ही पदर मागं घेतलात. उठलात, आत गेलात, संगीताशेजारी पाटावर बसलात. सखूबाईंना म्हणालात, ‘सखे, हितं भर.’ सखूबाई आत आल्या नाहीत. तांदूळ तसेच हातात राहिले. बाहेर एक बाई हळूच म्हणाली, अनसाबाईचं वय झालंय.

त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत, असं संगीतानंच मला सांगितलं.

मी पत्रक काढलं. तुमच्या ग्रामसभेत ठराव आणायला लावला की या गावात कुणाही बाईच्या बांगड्या फोडल्या जाणार नाहीत, कुंकू पुसलं जाणार नाही. सगळे हात वर झाले. तुमच्या पुतण्याचा विशाल, तरुण मंडळाचा अध्यक्ष, त्यानं तर टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ टाकला. मी तुमच्याकडं बघत होते. तुम्ही उठाल, म्हणाल, माझा नवरा काविळीनं गेला, तरी माझ्या हातात बांगड्या आहेत, मग या पोरींनी काय पाप केलंय? तुम्ही बोलला असता तर ठराव कागदावर राहिला नसता. तुम्ही बोलला नाहीत.

बाहेर आल्यावर मी तुम्हाला बरंच ऐकवलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, ‘मी बोलल्यावर काय हुईल ठावं हाय का? माझ्या बांगड्या फोडतील. संगीच्या हातात न्हाय घालायच्या.’ आणि मग ती अट. माझ्या माघारी, आणि आधी त्या पोरींचे हात.

मला वाटलं होतं, वेळ आहे. आपण दोघी मिळून सखूबाईंचं डोकं खाऊ, पुढच्या संक्रांतीपर्यंत काहीतरी होईल. बारामतीच्या दवाखान्यात तुम्हाला शेवटचं भेटले तेव्हा नर्सनं सलाईन लावायला तुमच्या बांगड्या काढून कागदाच्या पुडीत उशाशी ठेवल्या होत्या. तुम्ही मोकळा हात वर करून बघितलात आणि म्हणालात, ‘बग, किती सोपं हाय.’ आणखी काही बोलायचं होतं तुम्हाला. बाहेरून विशाल आला, फोटो काढायला, आणि ते राहिलं. काय होतं ते, काकी? मी दर दोन दिवसांनी वेगळं काहीतरी ठरवते.

तुम्हाला नेलं त्या दिवशी हिरवं लुगडं नेसवलं होतं. कपाळभर मळवट. पुडीतल्या बांगड्या परत हातात. बाया रांगेनं ओटी भरत होत्या, अमर सौभाग्यवती म्हणत होत्या, आणि संगीता पाठीमागं पाण्याची घागर धरून उभी. चौकात विशालच्या मंडळाचा फ्लेक्स लागला होता. त्यावर नामदेवकाका. तुमच्याकडचाच फोटो, पण ट्रक कापून टाकलेला. बॉनेटला टेकलेला हात तसाच हवेत, आणि त्या हातात कॉम्प्युटरवर बसवलेली रायफल. चेहऱ्यावर तेच हसू. बंदूक धरलेला माणूस असा का हसतोय, हा प्रश्न मंडळात कुणालाच पडला नाही. मी विशालला म्हणाले, ट्रक कुठं गेला? तो म्हणाला, ‘ताई, टरक कशाला? दूधवाल्यासारखं दिसतंय.’

मी त्या दिवशी भांडले नाही. अट होती.

दहाव्याला नीरेच्या काठावर पिंड ठेवला. पुतण्या हात जोडून म्हणाला, काकी, घराचं बघतो, देवांना दिवा लावतो. कावळा नाही. बाभळीवर तीन बसलेले, पण खाली उतरेनात. विशाल म्हणाला, नवीन स्मारक बांधतो, कमान करतो, तुमचं नाव टाकतो. कावळा नाही. ऊन चढायला लागलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. कुणीतरी मला म्हणालं, तू बोल, तुझं त्यांच्याशी लई चालायचं. मी म्हणाले, माझा विश्वास नाही. खरं म्हणजे मला काय कबूल करायचं तेच सुचत नव्हतं. माझ्या हातात होतं काय?

तेव्हा सखूबाई पुढं आल्या. पदर खोचलेला, गुडघा धरत. पिंडाकडं नाही, नदीकडं बघत म्हणाल्या,

‘अनसे, संगीला मी बांगड्या भरते. वटीबी भरते. जा आता.’

सगळे बाभळीकडं बघायला लागले, मीसुद्धा. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला कावळा हवा होता.

तो आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला, आणि लोक जेवणाकडं वळले. चालता चालता एक बाई सखूबाईंना समजावायला लागली की कावळा तर शिवला नाही, मग शब्द कशाला पाळायचा, सुटलात तुम्ही. सखूबाई थांबल्या. म्हणाल्या, ‘शबूद कावळ्याला दिला नव्हता.’

तुम्ही हे ऐकायला हवं होतं, काकी. तुमच्या मैत्रिणीचा मला आयुष्यात पहिल्यांदा अभिमान वाटला, आणि राग तर होताच.

तेराव्यानंतर सखूबाई आणि संगीता इंदापूरला आल्या. संगीता म्हणाली होती, गावात नको, बारामतीतही नको, ओळखीचं कुणी भेटायला नको. बाजारात शकीलाभाभीचं बांगड्यांचं दुकान आहे, तिथं नेलं. भाभीनं माप विचारलं, संगीतानं लग्नातलं सांगितलं. भाभीनं नुसतं मनगट धरून बघितलं आणि दोन मापं खालचा डबा काढला. संगीताचा हात असा आवळलेला की बांगडी चढेना. भाभी म्हणाली, ‘हात ढिला सोड, बाई. भ्याल्यावर काच फुटते.’ कुणाची कोण, काय झालं, काही विचारलं नाही. संगीतानं हिरव्या घेतल्या नाहीत. मोरपंखी घेतल्या. सखूबाई म्हणाल्या, हिरव्या घे की. ती म्हणाली, ‘त्या काकीच्या. मला माझ्या पायजेत.’ बाहेर पडताना तिनं हात पदराखाली घेतला होता. स्टँडपर्यंत तसाच.

स्टँडवर बस लागायची होती. मी सखूबाईंना विचारलं, तुमच्या मनात हे आलं कसं? मला वाटलं, दहाव्याचा भावनेचा भर असेल. त्यांनी मला जे सांगितलं ते तुम्हाला माहीत होतं का, काकी? मला हे कळायलाच पाहिजे आणि आता कधीच कळणार नाही.

‘त्यो जवान पयला आमच्याच दारात आलता, घर इचारीत,’ सखूबाई म्हणाल्या. ‘पानी पिताना सासूला म्हणाला, काविळीनं गेला बिचारा. आमाला समद्यांना ठावं हुतं. आळीतल्या समद्या बायांना.’

म्हणजे बांगड्या फोडायला आलेल्या बाया, ज्या मामंजींच्या शब्दावर माघारी गेल्या, त्यांना ते खोटं आहे हे माहीत होतं. माहीत असून त्या वळल्या. माहीत असून पन्नास वर्षं तुमची ओटी भरली, आणि एकीनंही तोंड उघडलं नाही. तुम्ही त्यांच्यापासून लपवत होता आणि त्या तुम्हाला लपवू देत होत्या.

मला आधी रडू आलं. मग, तुम्ही ओळखताच मला, दुसरं आलं. मी भर स्टँडवर सखूबाईंना म्हणाले, मग जमत होतं की तुम्हाला! एकीसाठी अख्खी आळी पन्नास वर्षं गप्प बसू शकते, तर संगीताचे हात दगडावर कसे ठेवलेत? तुमच्याच घरात, तुमच्याच हातानं?

‘दारात कुनी हुबं न्हवतं,’ सखूबाई म्हणाल्या. ‘कुनीतरी हुबं ऱ्हावं लागतं, पोरी. मग वळाय येतं.’

हे उत्तर मला पटलेलं नाही. माणसांना दयेसाठी दारात एक म्हातारा का लागतो? पण मी ते खोडूही शकलेले नाही, आणि तुमच्याशिवाय यावर भांडायला माझ्याकडं कुणी नाही.

आता दगडाचं. विशालच्या मंडळानं नव्या स्मारकाचा मजकूर माझ्याकडंच मागितला, पत्रकवाली म्हणून. मी लिहून दिला: नामदेव, सैन्यातील ट्रकचालक. एकाहत्तरच्या लढाईत रसद पोहोचवली, जखमी आणले. लढाईनंतर छावणीत कावीळ होऊन गेले. खाली तुमचं नाव, आणि त्याच्याही खाली तुमच्या मामंजींचं, कारण या गावानं दगड बसवावा असं काम खरं म्हणजे त्यांनी केलं. आणि फोटो ट्रकसकट.

विशालचा फोन आला. म्हणाला, ताई, दगडावर कावीळ कसं लिहायचं? पोरं भरतीला पळतात रोज त्या चौकातून, त्यांनी काय वाचायचं? मी म्हणाले, हेच वाचायचं, आणि मग पळायचं. तो म्हणाला, आजीची बदनामी होईल. हे मला लागलं. कारण हे मीही स्वतःला विचारलंय. पण काकी, ज्या बायांपासून तुमचं झाकायचं होतं त्यांना कधीपासूनच माहीत आहे. आता हे खोटं कुणाच्याच मनगटाच्या कामाचं राहिलेलं नाही. उरलाय नुसता दगड.

मंडळ आता दुसरा लिहिणारा शोधतंय. सापडेलही. म्हणून माझा मजकूर मी इथं, या पत्रकातच छापून टाकलाय. तो कापायला विशालचा कॉम्प्युटर चालणार नाही.

एक गोष्ट राहिली. बस लागली तेव्हा संगीतानं माझ्या मोबाईलमधला काकांचा फोटो बघितला, ट्रकवाला. तिनं तो पहिल्यांदाच बघितला होता. बराच वेळ बघून म्हणाली, ‘ह्येबी डायवरच की. आमच्या ह्येंच्यासारखं.’ आणि पदराखालचा हात बाहेर काढून तिनं मोबाईल परत दिला. मोरपंखी बांगड्या खिडकीला लागून वाजल्या. सखूबाईंनी आजूबाजूला बघितलं. कुणी बघत नव्हतं.

येत्या संक्रांतीला हळदीकुंकू परत सखूबाईंच्याच घरी आहे. संगीता सतरंजीवर बसणार. आळीतल्या अर्ध्या बाया येणार नाहीत, असं आत्ताच कळवताहेत. आणखी दोन पोरी येऊ का म्हणून विचारताहेत, उघड्या हातांच्या. सखूबाईंचा निरोप आलाय, लवकर ये आणि दारात उभी राहा.

मी जाणार आहे. पत्रकंही नेणार आहे, काकी. नुसतं उभं राहणं मला तुमच्या मामंजींसारखं जमेल असं वाटत नाही.